हिरवी कॅप्सूल

माहेरी आल्यापासून रोज बघतेय. दिल्लीच्या थंडीत आईचे गाल फुटतात, म्हणून वृंदावहिनी संध्याकाळी व्हिटॅमिन ईची हिरवी कॅप्सूल टाचणीने टोचते आणि त्यातलं तेल तिच्या गालांना, मग बोटाच्या टोकाने पापण्यांना लावते. आई डोळे मिटून लहान मुलीसारखी बसते. हीच आई! मी पुण्याहून पाठवलेलं महागडं क्रीम तिने न उघडताच शेजारच्या शर्माआंटींना देऊन टाकलं होतं. "मला नाही चालत असले लाड," म्हणाली होती.

सुनेने केलेले मात्र बरे चालतात.

आज मला राहवेना. आईने डोळे मिटताच मी वहिनीला खुणेनेच उठवलं आणि तिच्या जागी बसले. गाल झाले, एक पापणी झाली. आई तशीच निवांत. पोटच्या मुलीचा हात तिला ओळखूसुद्धा येऊ नये?

"वृंदा," आई डोळे मिटूनच म्हणाली, "उद्यापासून अलकालाही लावत जा गं. तिचेही गाल फुटलेत, पण ती मागायची नाही. आल्यापासून तुझ्यावर नुसती जळतेय."

दारात उभी असलेली वहिनी तोंडावर हात ठेवून हसू दाबत होती. माझं बोट हवेतच राहिलं.

"थांबलीस का?" आई म्हणाली. "दुसरी पापणी राहिलीय, अलका."