केसं गयणारं कुत्रं

"हे केसं गयणारं कुत्रं दिवस बुडाल्यावर तांड्यात दिसलं नाही पायजे," डोंगरसिंग नायकानं निकाल दिला. खरूजच ती, उद्या बैलांना लागेल, असं सगळ्यांचं मत पडलं. आणि तांड्यात नायकाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एकदा दिला की तो स्वतःही मागे घेत नाही.

रुपीबाईनं वाद घातला नाही. रस्त्याच्या कामावरचा पहाडी ओव्हरसियर बदली होऊन जाताना हे झिपरं कुत्रं तिच्या दारात सोडून गेला होता. हिवाळ्यात कुत्र्यानं लांडग्याच्या तोंडातून तिची बकरी सोडवली, तेव्हापासून तिचा त्याच्यात जीव अडकला होता. आता वैशाखात त्याच्या अंगावरून पुंजकेच्या पुंजके गळत होते. पण कातडी तिनं बोटांनी चाचपून पाहिली होती. डाग नव्हता, खपली नव्हती. आतली मऊ लोकर सुटत होती, एवढंच.

ती त्याला घेऊन बाभळीखाली बसली. बैलांचा खरारा वरच्यावरच फिरला. तिच्या लाकडी फणीचे चार दात मोडले.

"कातरून टाक ना सारं," नवरा हिरासिंग म्हणाला.

"ऊन लागते म्हनून घराचं छप्पर काढता काय तुमी?"

तिनं त्याची मोडकी करवत उचलली. दगडावर घासून दात बोथट केले आणि केसांच्या कलानं पाठीवरून ओढली. ओंजळभर लोकर आली. मग ती उठलीच नाही. मनगट सुजलं तेव्हा तिनं हात बदलला. दुपारी हिरासिंग आला आणि कुत्र्याचं तोंड मांडीवर धरून बसला.

दिवस कलला. रुपीबाई कुत्र्याला घेऊन नायकापुढे उभी राहिली. खांद्यावर फुगलेली गोणी होती.

"तुले शब्द समजला नाही का, रुपी?"

"समजला, नायक. म्हनूनच आली. ओढून पाहा."

डोंगरसिंगनं पाठीवरचे केस मुठीत धरून ओढले. मूठ उघडली, ती रिकामी. मानेचे ओढले, शेपटीचे ओढले. हाताला काहीच लागलं नाही. माणसं जमली होती. नायक रिकामाच हात धोतराला पुसत राहिला.

"मंग ते केसं गयणारं कुत्रं गेलं कुठी?"

रुपीबाईनं गोणी त्याच्या पायाशी ठेवली.

"हे काय, याच्यात. द्या तांड्याभायेर फेकून."