'वायरलेस'चा जुना अर्थ

आमच्या इंग्रजी शब्दकोशाचा एक नियम आहे. जुन्या अर्थाने शब्द वापरणारा एक जरी माणूस जिवंत असला, तरी त्या अर्थावर 'कालबाह्य'चा शिक्का मारायचा नाही. ऐन उमेदीत संपादकसाहेबांनीच केलेला हा नियम. आता रेडिओला 'वायरलेस' म्हणणारे आमच्या माहितीत एकच आजोबा उरले होते आणि त्यांच्यापायी सगळी छपाई अडली होती. दर सोमवारी मी फोन करायचो, "आजोबा, काय चाललंय?"

"वायरलेस ऐकतोय रे!" आवाज ठणठणीत. साहेब कपाळाला हात लावायचे. बिचाऱ्यांना निवृत्तीआधी कोश छापलेला बघायचा होता, आणि निवृत्ती याच आठवड्यात होती.

काल फोन नातीने उचलला. "आजोबा गेले," ती म्हणाली. फोन स्पीकरवर होता. साहेबांनी क्षणभर डोळे मिटले, मग हळूच शिक्का उचलला.

"आता वायरलेस मीच लावते."

साहेबांनी शिक्का खाली ठेवला. "बाळ, वय काय गं तुझं?"



"मला ना, आत्ताच पाचवं लागलं!"