शहाणी पोर

मोहिनीची लेक भूमिका बोलत नव्हती. काही बिनसलं की किंचाळायची, भिंतीवर डोकं आपटायची. म्हणून मोहिनी तिला ब्राह्मणपुरीहून शहाद्याला थेरपीच्या क्लासला नेऊ लागली. पोर ओरडली की मॅडम पाठ फिरवायच्या, गप्प बसली की बिस्किट द्यायच्या. घरी मोहिनीही तसंच करायची. दिवाळीपर्यंत घर शांत झालं. सासूबाई गल्लीभर सांगत सुटल्या, "मन्ही नात आते कितली शानी व्हई गई!"

परवा न्हाऊ घालताना भूमिकाच्या कानातून पू येताना दिसला. डॉक्टरांनी कानात पाहिलं आणि ते चिडलेच. "पडदा फाटलाय! एवढं दुखत असताना पोर रडली कशी नाही?"

लेकीला कडेवर घेऊन मोहिनी तडक क्लासवर गेली. मॅडम तिथे एका नव्या आईला समजावत होत्या. भूमिकाला पाहताच त्यांचा चेहरा खुलला. "ही बघा ना, आधी केवढी ओरडायची! आता काहीही झालं तरी तोंडातून आवाज नाही."

मोहिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. मॅडमशी जपून बोलायची तिची शाळेतली मराठी कुठल्या कुठे पळाली.

"मॅडम, कोठे दुखस ते सांगाले शिकाडा मन्ही पोरले!" ती कडाडली. "गप बठता ते दगडलेबी येस."