टोळसाहेबाचा निरोप

डबे, पराती, पत्रे, जे हाताला लागेल ते बडवणं चालू होतं. अख्खी वस्ती मक्यात उभी होती आणि वर टोळांचा ढग घिरट्या घालत होता. खाली उतरू बघायचा, आवाज वाढला की पुन्हा वर चढायचा.

"हाणा!" चेअरमन गच्चीवरून ओरडत होते. "हात दुखले तर पाय आपटा, पण गप्प बसू नका!"

ते पाणी संस्थेचे चेअरमन. माणूस तोंडाचा फटकळ, पण शब्दाचा पक्का, म्हणून वस्ती त्यांचं ऐकायची. कणसं नुकती दुधात आली होती. हे पीक गेलं तर वर्षभर खायचं काय, याची धास्ती प्रत्येकाच्या पोटात होती.

तेवढ्यात फाटकाशी सरकारी जीप थांबली. आत टोळसाहेब बसले होते.

टोळसाहेब म्हणजे टोळ नियंत्रण खात्यातले अधिकारी आणि चेअरमनचे सख्खे मेहुणे. दोघांत अबोला होता. एका लग्नात चेअरमन सगळ्यांदेखत बोलून गेले होते, "सरकार याला टोळ मारायचा पगार देतं आणि हा ऑफिसात बसून माश्या मारतो!" मांडव हसला, पण मेहुण्याला ते झोंबलं ते झोंबलंच. तेव्हापासून दोघांचं सगळं बोलणं चेअरमनीणबाईंच्या तोंडून. एका खोलीत समोरासमोर बसलेले असले तरी एक म्हणायचा "सांग तुझ्या भावाला" आणि दुसरा म्हणायचा "सांग भाऊजींना." बाई बिचाऱ्या मधल्या मधे कातावून जायच्या.

आताही साहेब जीपमधून उतरले नाहीत. बाई हातातली परात ठेवून फाटकाशी गेल्या. बहीणभाऊ बराच वेळ बोलले. भावाने आभाळाकडे, मग डोंगराकडे हात केला. बाईंनी काहीतरी विचारलं, त्याने उत्तर दिलं आणि जीप धुरळा उडवत निघून गेली.

"काय म्हणतो तुझा टोळभैरव?" चेअरमननी वरूनच विचारलं.

बाई जिना चढून आल्या. त्यांना दम लागला होता. "डबे थांबवा म्हणाला."

"काय?"

"दिवस मावळतोय, टोळांना बसू द्या म्हणाला. गारठ्यात त्यांना उडता येत नाही. उजाडायच्या आत फवारणीच्या गाड्या येतील आणि बसल्या जागी सगळी धाड संपवतील."

"आणि तोवर या पाहुण्यांनी खाल्लं तर?"

"कडेची चार ताटं जातील फार तर. हाकलून तरी काय होणार? दुसऱ्या कुणाच्या तरी बोकांडी बसतील."

चेअरमन घुटमळले. मेहुण्यावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. "उद्या गाड्या नाही आल्या, तर लोक मला उभा जाळतील."

"माझा सख्खा भाऊ आहे तो," बाई म्हणाल्या. "बहिणीचं वाईट करेल का?"

बायकोने असं म्हटलं की चेअरमनचं पुढे काही चालत नसे. त्यांनी दोन्ही हात वर केले. "थांबवा! डबे थांबवा!"

लोक चक्रावले. गिरणीवाला तर डबा काखेत मारून गच्चीखाली आला. "चेअरमन, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"सरकारचा निरोप आहे. पहाटे गाड्या येतायत. जबाबदारी माझी!"

चेअरमनचा शब्द म्हटल्यावर गिरणीवालाही माघारी फिरला. डबे थांबले. ढग हळूहळू खाली आला आणि मका दिसेनासा झाला.

पहाटे सगळी वस्ती रस्त्यावर येऊन उभी राहिली. गाड्या आल्या नाहीत. चेअरमननी आयुष्यात पहिल्यांदा मेहुण्याला फोन लावला, तो कुणी उचलला नाही. ऊन चढलं तसे टोळ हलले आणि खायला लागले. आता डबे बडवून काही उपयोग नव्हता, तरी लोक वेड्यासारखे बडवत राहिले. दुपारपर्यंत मक्याच्या जागी नुसते बुडखे उरले होते.

गिरणीवाल्याच्या बायकोने आपला चेपलेला डबा आणून चेअरमनच्या पायाशी आदळला. आणि तशीच माघारी गेली. चेअरमनना वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाई आतल्या खोलीत रडत होत्या.

"आता रडून काय?" चेअरमन दारातून ओरडले. "चांगला भाऊ मिळालाय तुला!" आणि त्यांनी मोटरसायकल काढली.

फवारणीच्या गाड्या शोधाव्या लागल्या नाहीत. सरकारी बियाणे केंद्राच्या आवारात त्या ओळीने उभ्या होत्या. केंद्रातलं पीक हिरवंगार होतं आणि बांधाबांधाला मेलेल्या टोळांचे ढीग पडले होते. ते बघून चेअरमनच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी सरळ जाऊन टोळसाहेबांची कॉलर धरली. इतक्या वर्षांचा अबोला तिथे मोडला.

"केसाने गळा कापलास रे! सरकारचं बियाणं वाचवायला आमचा बळी दिलास? सख्ख्या बहिणीचा?"

साहेबांचे डोळे औषधाने लाल झाले होते. त्यांनी कॉलर सोडवून घेतली नाही.

"गाड्या इथेच ठेवायचा हुकूम होता, भाऊजी. हे बियाणं गेलं असतं तर पुढच्या साली कुणालाच पेरायला दाणा मिळाला नसता. तुम्हाला गाडी देता येत नव्हती, म्हणून तर मी स्वतः सांगायला आलो."

"काय सांगायला? गप्प बसा म्हणून?"

"गप्प बसा?" साहेब त्यांच्याकडे बघतच राहिले. "मी ताईला सांगितलं, अंधार पडेपर्यंत डबे थांबवू नका. वारा चांगला आहे, टोळ डोंगर ओलांडून निघून जातील."

चेअरमनचा हात सैल पडला.

"तिने फक्त एवढंच विचारलं, डोंगर ओलांडून कुठे उतरतील म्हणून. मी काय खोटं सांगणार होतो? म्हटलं, आपल्याच गावी, आईच्या शेतावर. तिने एकदा डोंगराकडे पाहिलं. मग म्हणाली, 'बरं, सांगते यांना.'"