देवरावांची ओळ

वाडीच्या गोदामातील कामगारांच्या यादीतून कोणाचीही ओळ काढली, तरी संगणकावरचा मॅक्रो, म्हणजे कामे आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, नावांची क्रमवारी लावत असे. दिवंगत चौकीदार देवरावांची काढली, की ‘रनटाइम एरर’ येऊन तो थांबे.

मॅक्रो त्यांच्या मुलीने, नंदिनीने लिहिला होता. आज तो चालला नाही, तर साहेब तो रद्दच करणार होते.

शेजारच्या टेबलावरच्या मिनलने स्वतःचे नाव काढून पाहिले. मॅक्रो चालला.

“मले जाऊ देते वं, पण तुझे बाबा ड्यूटी सोडूनच नाही राहिले!” ती हसली.

“सोडली कधी होती त्यायनं?” नंदिनी ताठ मानेने म्हणाली आणि तिने कोड उघडला.

कारण सापडले. यादी कुठे आहे हे कळावे म्हणून मॅक्रो आधी एक नाव शोधत होता. ते नाव पहिल्या चाचणीच्या वेळी नंदिनीनेच लिहिले होते: देवराव.