फांदीवरची आमरी

घाटातल्या रस्तारुंदीसाठी ढाकू गावड्याने नुकतंच पाडलेलं ऐनाचं झाड आडवं पडलं होतं, आणि शाळेतून निवृत्त झालेल्या पारसेकरबाई त्याच्या फांद्यांवरून काहीतरी अलगद सोडवून टोपलीत भरत होत्या.

"बाई, हीं बांडगुळां नेऊन काय करतलात?" ढाकूने करवत थांबवून विचारलं.

"बांडगूळ झाडाचा रस पितं रे. ही आमरी, म्हणजे ऑर्किड. नुसती अंगाखांद्यावर राहते, पावसाधुक्यावर जगते. झाडच गेलं तर ती कुठे जाईल?"

बाईंनी त्या आमऱ्या रस्त्याकडेच्या कोवळ्या झाडांना काथ्याने बांधल्या. पण तिथे ना सावली, ना सालीवर शेवाळ. उन्हाळ्यात बहुतेक करपल्या. लोक हसले. बाई मात्र उरलेल्या सोडवून, दुखऱ्या गुडघ्यांनी पाय ओढत देवराईतल्या जुन्या जांभळापाशी आल्या. वर चढणार कोण? ढाकू चढला आणि त्याने त्या फांद्यांना बांधल्या. पुढे ज्या झाडाला करवत लावायची, त्यावरच्या आमऱ्याही तो आधी उतरवून देवराईत आणू लागला.

दोन पावसाळे गेले. वैशाख सरताना जांभळाच्या उंच फांदीवरून गुलाबी तुरे लोंबले. बाईंची नजर आता तिथवर पोचत नव्हती.

"ढाकू, फुलली का रे? सांग ना, कशी दिसते?"

जन्मभर झाडांचे बुंधेच बघत आलेला ढाकू फांदीला बिलगून बसला आणि खालच्या बाईंना एकेक फूल सांगत राहिला.