चानकी

गुलबर्ग्याच्या आर्ट कॉलेजात सगळ्यांनी गोष्टींचे सिनेमे केले. मी नुसते हात टिपायचं ठरवलं. चेहरा नाही, आवाज नाही. फक्त चांगुणामावशीचे भाकरी थापणारे हात. तिची अक्का, म्हणजे माझी आई, मी अंगावर पीत असतानाच गेली. मला वाढवलं ते याच हातांनी.

मावशी लाजली. "हातात काय बघायचं रं?" म्हणत थापत राहिली. उरल्यासुरल्या पिठाची ती शेवटी माझ्यासाठी चिमुकली भाकर करायची, चानकी. मी एवढा घोडा झालो तरी करायची. पण तिने तो शेवटचा उंडा उचलण्याआधीच रीळ संपलं.

हैदराबादहून रीळ धुऊन आल्यावर मावशीच्या गावी, हळ्ळीखेडला गेलो. भर दुपारी दार लावून, भिंतीला धोतर बांधून मावशीला सिनेमा दाखवला. ती पडद्याकडे बघत होती, मी तिच्याकडे.

काठवटीत उंडा उरला. आता धोतर पांढरं व्हायला हवं होतं.

झालं नाही. पडद्यावरचे मावशीचे दोन्ही हात मांडीवर थांबले आणि तिसऱ्याच हाताने उंडा उचलला. त्याच्या मनगटावर विंचू गोंदलेला होता. मावशीची मनगटं कोरी आहेत.

मी प्रोजेक्टर बंद करायला उठलो. मावशीने मला ओढून खाली बसवलं.

"कामून भ्यायलास? अक्का हाय. तुला चानकी करायलीय."

त्या हाताला घाई नव्हती. चानकी थापली, भाजली. मग एक तुकडा मोडून तो सरळ कॅमेऱ्याकडे आला, मोठा होत होत धोतरभर झाला.

"आ कर की, व्यंकट," मावशी म्हणाली.

माझ्या ओठांना ऊन-ऊन घास लागला.